बसस्टॉपवरच्या आयांनी वॉर्ड ऑफिस कसं हलवायचं, पहिल्या दिवसापासून सगळं

सकाळी सात दहाला शाळेची बस येते. ती येईपर्यंत कोपऱ्यावर आठ-दहा जणी उभ्या असतात, एकीच्या हातात डबा, एकीच्या खांद्यावर पोराचं दप्तर, एकीचे केस अजून ओले, आणि तोंडाने चालू असतं की काल परत लाईट नव्हती रस्त्यावर, परवा तो टेम्पो कसला अंगावर आला. तर ही जी गर्दी आहे ना, हीच तुमची संघटना. नाव, लोगो, बॅनर काही लागत नाही. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी न बोलावता जमणाऱ्या दहा बायका, मोठमोठ्या पक्षांना पैसे देऊन पण असं माणूसबळ मिळत नाही.

आम्ही सेंट्रल लाईनवरच्या एका उपनगरात हे केलं. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथेच राहायचंय आणि त्याच ऑफिसात परत जायचंय. शाळेसमोर एक गतिरोधक, झेब्रा पट्टे आणि बंद पडलेले तीन दिवे, एवढंच मागितलं होतं आणि त्याला अकरा महिने लागले. त्यातले सात महिने आमच्या अडाणीपणात गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

आधी एक वाक्य डोक्यातून काढून टाका. "आम्ही राजकारणातल्या नाही हो, आम्ही साध्या गृहिणी." आम्ही पहिल्या अर्जात चक्क असं लिहिलं होतं! समोरच्याला काय कळलं, तर ह्या पुढच्या महिन्यात दमतील. आपण घरपट्टी भरतो, त्या पैशाचं काय झालं हे विचारणं म्हणजे राजकारणच आहे, आणि ते बायकांनी उपनगरात फार आधीपासून केलंय. मृणाल गोरे गोरेगावच्या. नवरा १९५८ मध्ये गेला, मुलगी लहान, आणि १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या, पाण्यासाठी एवढ्या भांडल्या की लोक त्यांना पाणीवाली बाईच म्हणायला लागले. १९७२ च्या दुष्काळात महागाई वाढली तेव्हा त्या, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी एकत्र येऊन महागाई प्रतिकाराची समिती काढली आणि हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. पक्ष वेगळे होते, मागणी एक होती, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एकच मागणी, आणि ती मोजून

पहिल्या मीटिंगला आमच्याकडे सतरा विषय आले. पाणी, कचरा, भटकी कुत्री, गार्डनचा झोपाळा, शाळेची फी, रिक्षावाले, सगळंच. सगळं खरं होतं, पण सतरा मागण्यांचं निवेदन दिलं की साहेब त्यातली सगळ्यात सोपी उचलतो, कचऱ्याची गाडी दोन दिवस जास्त पाठवतो आणि "तुमचं काम केलं" म्हणतो. म्हणून एकच घ्या. निवडताना तीन गोष्टी बघा, रोज दिसणारं आहे का, जागा बोटाने दाखवता येते का, आणि झालं की नाही हे कोणालाही डोळ्यांनी कळतं का. "वाहतूक सुधारा" ही मागणी नाही, "शाळेच्या गेटसमोर गतिरोधक टाका" ही मागणी आहे.

मग मोजा. आमच्यातल्या दोघी एका मंगळवारी बारा ते पाऊण गेटच्या समोरच्या मेडिकलच्या पायरीवर वही घेऊन बसल्या, सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते ती वेळ. एक पोरं मोजत होती, एक गाड्या. दर पाचाला चार उभ्या रेघा आणि त्यावर एक आडवी, आपण दुधाचा हिशोब ठेवायचो तसं. पाऊण तासात ३४० पोरं रस्ता ओलांडून गेली, त्यातली निम्म्याहून जास्त मोठ्या माणसाशिवाय. हा आकडा आम्ही नंतर अकरा महिने वापरला, प्रत्येक अर्जात पहिल्या ओळीत. "फार गर्दी असते" म्हणलं की साहेब मान हलवतो, "पाऊण तासात ३४०" म्हणलं की विचारतो कोणी मोजले, आणि वही पुढे केली की जरा नीट बसतो. वेगवेगळ्या वाराचे तीन दिवस मोजा, नैतर म्हणतात त्या दिवशी काहीतरी कार्यक्रम असेल. फोटो काढाल तर पोरांचे चेहरे येऊ देऊ नका, पाठीमागून काढा.

काम नक्की कोणाचं ते शोधा

आमचे सात महिने वाया गेले ते इथे. आम्ही नगरसेवक, आमदार, शाळा सगळ्यांना निवेदनं दिली, फुलं पण दिली, फोटो काढले. सगळे हो म्हणाले. गतिरोधक प्रत्यक्षात टाकतं कोण, तर महापालिकेचा रस्त्यांचा विभाग, आणि त्याआधी ट्रॅफिक पोलिसांचं ना हरकत पत्र लागतं. दिवे विद्युत विभागाचे, म्हणजे तिसरंच टेबल. आणि रस्ता महापालिकेचाच आहे का हे पण बघा, उपनगरात एखादा रस्ता पीडब्ल्यूडीचा असतो, एखादा एमआयडीसीचा, एखादा बिल्डरने अजून हस्तांतरितच केलेला नसतो. हे शोधायला सोपा उपाय, वॉर्ड ऑफिसात जाऊन कनिष्ठ अभियंत्याला, म्हणजे जेईला भेटा. साहेबाच्या केबिनबाहेर दोन तास बसू नका, आपल्या गल्लीतलं काम जेईच्याच हातात असतं आणि खरी माहिती तोच देतो, तीही उभ्या उभ्या.

तांत्रिक थोडं माहीत असलं की फरक पडतो. भारतीय रोड काँग्रेसच्या नियमात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटर उंच असतो, गाडी ताशी पंचवीसच्या आसपास आली पाहिजे असा हिशोब. आपल्याकडे रातोरात डांबराचा जो उंचवटा टाकतात त्याने स्कूटरवरच्या बाईची कंबर जाते आणि पुढच्या महिन्यात दुसरी सोसायटी तो काढायचा अर्ज करते. म्हणून अर्जातच लिहा, नियमाप्रमाणे पाहिजे, पांढरे पट्टे आणि आधी बोर्ड पण पाहिजे. आम्ही हे लिहिलं तेव्हा जेई म्हणाला, "मॅडम, तुमच्या घरात कोणी सिव्हिलचं आहे का?" कोणी नव्हतं, रात्री पोरं झोपल्यावर वाचलं होतं.

विषय स्कूलबसचा असेल तर दार वेगळं आहे. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूलबसचे वेगळे नियम आहेत आणि त्यात प्रत्येक शाळेत परिवहन समिती असायला पाहिजे, मुख्याध्यापक अध्यक्ष आणि पालकांचा माणूस आत. शाळेला विचारा समितीची शेवटची बैठक कधी झाली. बहुतेक वेळा शांतता पसरते. तिथून सुरू करा.

पोच, पोच आणि पोच

आमच्या ग्रुपमध्ये एक आजी आहेत, नातवाला बसला सोडायला येतात, जिल्हा परिषदेतून क्लार्क म्हणून रिटायर झालेल्या. सहा महिने त्या बाजूला उभ्या राहून ऐकत होत्या, आम्ही आपलं त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचो आणि बास. एक दिवस त्यांनी विचारलं, "अगं तुमच्या अर्जाचा आवक क्रमांक काय आहे?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. आवक क्रमांक? आम्ही तर साहेबांच्या हातात दिला होता अर्ज, फोटो पण आहे. आजी म्हणाल्या, "मग तो अर्ज नाहीच."

तेव्हापासून आजी आमच्या सेनापती. त्यांची पद्धत अशी. अर्जाच्या दोन प्रती. एक ऑफिसला, एक आपली. साहेबाच्या हातात द्यायचा नाही, आधी आवक-जावकच्या खिडकीवर जायचं, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, नंबर आणि सही घ्यायची, आणि मग पाहिजे तर साहेबाला भेटायचं. क्लार्क म्हणतो "ठेवून जा, उद्या नंबर देतो", तर हसून म्हणायचं "काही घाई नाही, बसते मी". आणि खरंच बसायचं. आजी विणकाम घेऊन बसल्या होत्या एकदा, पंचवीस मिनिटांत नंबर मिळाला. ते निळं गोल-गोल शिक्क्याचं पान, त्यावर पेनने तिरका लिहिलेला आकडा, ते घेऊन खाली उतरताना आम्हाला जे वाटलं ते नगरसेवकासोबतच्या एकाही फोटोने वाटलं नव्हतं.

अर्ज एका पानाचा. वर विषय, खाली जागा, मोजलेला आकडा, मागणी, आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख, आणि शेवटी "केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी". सह्या वेगळ्या कागदावर, त्याच्या प्रत्येक पानावर मागणी परत लिहिलेली, नैतर तुमच्या सह्या कुठल्या कागदाला चिकटतील सांगता येत नाही. खड्ड्यांचा विषय असेल तर एक ओळ जरूर टाका, ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये भरपाईचा आदेश दिलाय. धमकी म्हणून नाही, आठवण म्हणून. जेईला ती ओळ बरोबर दिसते.

आणि आजींनी शिकवलेला एक शब्द, नस्ती. सरकारी भाषेत नस्ती म्हणजे फाईल. "आपला अर्ज नस्तीबद्ध करण्यात आला आहे" असं उत्तर आलं आणि आमच्यातल्या एकीने ग्रुपवर पेढ्याचे इमोजी टाकले, तिला वाटलं काम मंजूर झालं. नस्तीबद्ध म्हणजे फाईलला लावून बंद केला, पुरला!

माहिती अधिकार, पण डोकं शांत ठेवून

महिनाभरात उत्तर नाही आलं की माहिती अधिकार. २००५ चा कायदा आहे, महाराष्ट्रात जोडपत्र अ नमुन्यात अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. ऑनलाईन पण होतो. ३० दिवसात उत्तर यायला पाहिजे. नाही आलं किंवा गोलगोल आलं तर पुढच्या ३० दिवसात त्याच ऑफिसातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, तिथे ढीग आहे, तोपर्यंत पोरगं दहावीला जाईल, त्यामुळे शक्यतो पहिल्या अपिलातच काम होईल असं बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे "का" विचारणं. "आमचं काम का झालं नाही?" ह्याला माहिती म्हणत नाहीत, अर्ज उडवतात. कागद मागा. "आवक क्रमांक अमुक, तारीख अमुक, ह्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या, टिप्पणीसह, प्रती द्याव्यात. हा अर्ज सध्या ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याचं पदनाम द्यावं." बास. आमच्या बाबतीत हा अर्ज गेल्यावर आठ दिवसांत जेईचा स्वतःहून फोन आला. कारण फाईलवर टिप्पणीच नव्हती, कोरा कागद देता येत नाही ना.

अजून एक दार आहे ते फार कमी जणांना माहीत असतं. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ मध्ये नागरिकांना रेकॉर्ड बघायला देतात, महापालिकेत सुद्धा. पोरं शाळेतून येऊन जेवून झोपलेली असतात ती वेळ, आयांसाठीच ठेवलीय असं वाटतं. दोघी जा, एक वाचेल एक लिहील. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो, आयुक्तांसमोर, पण त्याचा अर्ज ठरलेल्या नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, तिथे जाऊन आयत्या वेळी उभं राहून चालत नाही. आम्ही राहिलो होतो, परत आलो.

ग्रुप सांभाळणं हेच सगळ्यात अवघड

साहेब परवडला पण व्हॉट्सअॅप ग्रुप नको. आमचा पहिला ग्रुप दीडशे जणींचा होता, त्यात गुड मॉर्निंग, साड्यांचा सेल, कोणाचा तरी फॉरवर्ड, त्यावरून पक्षाचं भांडण, आणि अर्जाचा ड्राफ्ट कुठे वाहून गेला कोणाला कळलं नाही. आता दोन ग्रुप आहेत. मोठ्यात फक्त अॅडमिन लिहितात, आठवड्यातून एक मेसेज. छोट्यात आठ जणी, ज्या खरंच ऑफिसात जातात. नियम एकच, राष्ट्रीय राजकारण, धर्म आणि मोदी-राहुल बसस्टॉपच्या बाहेर. आमच्यात कट्टर ह्या पक्षाच्या पण आहेत आणि त्या पण, एकीचे मिस्टर तर पदाधिकारी आहेत. गतिरोधक सगळ्यांच्याच पोरांना पाहिजे.

कामं नावानिशी वाटा आणि वेळ बघून वाटा. नोकरीवाल्या आया ऑफिसवेळात कुठे जाऊ शकत नाहीत, त्यांनी लोकलमध्ये बसून अर्ज टाईप करायचा. आज्यांनी ऑफिसात जायचं, त्यांना वेळ असतो आणि कुठलाही साहेब सत्तरीच्या बाईला "नंतर या" म्हणताना दोनदा विचार करतो. भिशी चालवणारीने पैसे सांभाळायचे, प्रत्येकी ५० रुपये, झेरॉक्स, स्टॅम्प, रिक्षा, आणि दर महिन्याला वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर. आणि नेहमी तीच एक जण चहा करत असेल तर दुसऱ्या महिन्यापासून मीटिंग तिच्या घरी घेऊ नका, ती कंटाळून सोडेल आणि कारण पण सांगणार नाही. नवऱ्यांना ग्रुपमध्ये घेऊ नका, ते मोठी मोठी पत्रं लिहितात.

आणि आमची सगळ्यात लाजिरवाणी चूक. सहा महिने आमच्या मीटिंगला फक्त टॉवरमधल्या बायका होत्या. बसने जाणारी पोरं आमची, पण चालत जाणारी, म्हणजे तो रस्ता खरंच ओलांडणारी पोरं मागच्या चाळीतली, त्यांच्या आया आमच्याच घरी कामाला येतात आणि आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं! मीटिंग संध्याकाळी सहाला क्लबहाऊसमध्ये, तेव्हा त्यांची दुसरी पाळी चालू असते आणि क्लबहाऊसला वॉचमन सोडत नाही. मग दुपारी अडीचला बालवाडीच्या पायऱ्यांवर भेटायला लागलो. पहिल्याच दिवशी एकीने सांगितलं, गेटवर नका टाकू गतिरोधक, पोरं गेटवरून नाही ओलांडत, वीस पावलं पुढे वडापावच्या गाडीपाशी ओलांडतात. जाऊन बघितलं तर खरंच. अख्खी मागणी चुकीच्या जागी होती, नवीन अर्ज, नवीन आवक क्रमांक.

नगरसेवक आणि मतदार यादी

मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक असतो. बाकी बहुतेक महापालिकांमध्ये चार-चारचा प्रभाग, त्यामुळे चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. ह्यावर उपाय, एकच पत्र चौघांच्या नावाने, चौघांची नावं वर ओळीने, आणि चौघांची पोच एकाच कागदावर. दुसऱ्याची सही आधी दिसली की तिसरा लगेच करतो. १५ जानेवारी २०२६ ला २९ महापालिकांचं मतदान झालं, त्याआधी कितीतरी शहरांत वर्षानुवर्षं प्रशासक होते, नगरसेवकच नव्हते. आता आहेत, आणि पन्नास टक्के जागा बायकांसाठी राखीव असल्यामुळे निम्म्या तरी ताई आहेत. ताईंच्या ऐवजी त्यांचे मिस्टरच बोलायला लागले तर शांतपणे म्हणायचं, "आम्ही ताईंशी बोलतो." आमच्या ताई पहिल्यांदा गोंधळल्या, तिसऱ्या भेटीला एकट्या आल्या, आणि खरं सांगते, चांगलं बोलल्या.

पण नगरसेवक पहिल्यांदा काय बघतो, तर हिचं मत इथे आहे का. आम्ही छोट्या ग्रुपमध्ये विचारलं तर आठातल्या तिघींचं नाव अजून माहेरच्या यादीत, एकीचं लालबागच्या जुन्या चाळीच्या पत्त्यावर. लग्नानंतर, फ्लॅट घेतल्यावर गॅसचं कार्ड बदलतो, मताचं राहून जातं. पत्ता बदलायला फॉर्म ८, पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर फॉर्म ६, ऑनलाईन होतं किंवा बीएलओकडे, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या कर्मचाऱ्याकडे. निवडणूक जवळ आल्यावर धावू नका, तेव्हा यादी गोठलेली असते. आम्ही एका रविवारी खाली टेबल टाकून बसलो आणि मोबाईलवरून फॉर्म भरून दिले, कुठल्याही पक्षाचं नाव न घेता. पुढच्या आठवड्यात दोन पक्षांचे कार्यकर्ते चौकशी करून गेले की किती झाले.

संक्रांतीला हळदीकुंकू असतंच, निवडणुकीच्या वर्षी तर पैठणीचे खेळ. जा की, वाण घ्या, मजा करा, त्यात काही वाईट नाही. फक्त स्टेजवर ग्रुपच्या नावाने जाऊ नका आणि ग्रुपचं नाव फ्लेक्सवर येऊ देऊ नका. एकदा आलं की निम्म्या बायका दुसऱ्या दिवशी गप्प होतात.

कामाला पैसे लागतात हे पण डोक्यात असू द्या. महापालिकेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, बजेट फेब्रुवारीच्या आसपास येतं, म्हणजे मोठी मागणी दिवाळीच्या आधी टेबलावर पाहिजे. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून बजेटसाठी छोटी कामं फॉर्मवर मागवतात. मार्चमध्ये जाऊन फूटपाथ मागितला तर "निधी नाही" हे उत्तर खरं असतं.

रस्त्यावर उतरायचं का

शेवटी, आणि कमी. मोर्चाला पोलीस स्टेशनला लेखी अर्ज करून परवानगी लागते, आणि आपल्या शहरांत पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश बऱ्याचदा लागू असतो, पाच किंवा जास्त जणांनी जमायचं नाही. म्हणून आम्ही मोर्चा काढलाच नाही. चार जणी निवेदन घेऊन जायच्या, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या चार, तिसऱ्या दिवशी अजून चार. नऊ दिवस. वॉर्ड ऑफिसचा शिपाई आठव्या दिवशी म्हणाला, "ताई, तुमच्यात एकूण किती जणी आहेत?" कधी गरज पडलीच तर दिवसा करा, पोरांना पुढे उभं करू नका, आणि हे माहीत असू द्या की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही, अगदी अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याला मॅजिस्ट्रेटची आधी लेखी परवानगी घ्यावी लागते.

गतिरोधक एका शुक्रवारी रात्री पडला. सकाळी बसस्टॉपवर जाऊन आम्ही आधी टेप लावली. रुंदी कमी भरली, अडीच मीटर, आणि पट्टे नव्हते. सोमवारी परत अर्ज, पट्टे पंधरा दिवसांनी आले, रुंदीचं अजून चालू आहे. फाईल सध्या आजींच्या घरी असते, जूनमध्ये त्यांचा नातू मोठ्या शाळेत जाईल तेव्हा ती ज्युनिअर केजीतल्या एका पोरीच्या आईकडे द्यायचं ठरलंय. ती अजून म्हणते मला नाही जमणार हो हे राजकारण, पण परवा स्वतःहून आवक खिडकीवर जाऊन नंबर घेऊन आली.